टाकीखालची कडी

अनंतरावांनी काचेच्या डाव्या कडेला लाल स्केचपेनने रेघ मारली, श्वास रोखून उजव्या कडेला मारली आणि दोन पावलं मागे सरकले. सकाळच्या रेघा निळ्या होत्या. डावीकडे पाणी निळ्या रेघेच्या खाली उतरलं होतं. उजवीकडे ते निळी रेघ बुडवून अर्धं पेर वर चढलं होतं. पाण्याला खोटं बोलता येत नाही. टाकी उजवीकडे कलत होती.

“काय झालं?” शकूताई उंबऱ्यातूनच म्हणाल्या. “सांगा तरी. नुसत्या रंगीत रेघोट्या काय मारताय!”

“बसतेय खाली.”

“किती?”

“सकाळपासून अर्धं पेर.”

शकूताईंनी पदर तोंडाशी नेला. टाकी चांगली पाच फुटी. पाणी, तळाचे दगड आणि लाकडी स्टँड धरून साडेपाचशे किलोचा ऐवज. खाली ना स्लॅब ना लोखंड. आजोबांनी बांधलेलं घर, भवानी पेठेत, टिंबर मार्केटच्या मागच्या बोळात. खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या, बाहेरून जिना. मधली जमीन म्हणजे सागवानी कड्या, त्यांच्यावर फळ्या. कडी म्हणजे एका भिंतीतून दुसऱ्या भिंतीत गेलेला लाकडी वासा, त्याच्यावर वरचा अख्खा संसार उभा.

सकाळी टाकी कललेली दिसली तेव्हा, रेघा मारायच्याही आधी, अनंतरावांनी पाणी काढायला घेतलं होतं. दोन बादल्या मोरीत ओतून झाल्या. तिसरी भरून वळले आणि पायाखालून कडाड्‌ असा आवाज आला. वाळलेली फांदी गुडघ्यावर मोडावी तसा. त्यांनी बादली होती तिथेच ठेवली आणि भिंतीला पाठ लावून, सरकत सरकत उंबऱ्यापर्यंत आले. वजन कमी करायचं तर टाकीपाशी जायला हवं, आणि टाकीपाशी जायचं तर आपलं पंचाऐंशी किलो तिथे न्यायला हवं. त्या आवाजानंतर ते दोनदाच पुढे गेले होते, निळ्या आणि लाल रेघांपुरते, तेही चवड्यांवर.

“खाली गोदावहिनी आहेत,” शकूताई म्हणाल्या.

“माहितीय मला.”

“बरोब्बर खाली. कॉट तिथेच आहे त्यांची.”

“माहितीय म्हणालो ना!”

ओरडून झाल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली. गोदाबाईंचं खुब्याचं हाड मोडलं त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून बाई त्या कॉटवर आहेत. उठवल्याशिवाय उठता येत नाही त्यांना.

आता कोणीही शहाणा माणूस म्हणेल, मग धावत खाली जा आणि सांगा. इथेच तर सगळं घोडं पेंड खात होतं. खालचा भाडेकरू, गोदाबाईंचा नवरा दिगंबर, आणि वरचा मालक अनंतराव यांच्यात पाच वर्षं कोर्टात दावा चालू होता, आणि पाच वर्षांत दोघांच्या तोंडून एकमेकांसाठी ‘अहो’सुद्धा निघालं नव्हतं. जिन्यात समोरासमोर आले की एकजण चपलेचा पट्टा बघायला वाकायचा आणि दुसरा आभाळ बघायचा. जिन्याचा दिवा गेला तरी त्याची नोटीस वकिलामार्फत जायची आणि वकिलामार्फतच उत्तर यायचं.

दावा सरळ होता. घर जीर्ण आणि धोकादायक झालंय, कधीही कोसळेल, भाडेकरूने जागा सोडावी, असं अनंतरावांनी शपथेवर लिहून दिलं होतं. घर ठणठणीत आहे, अजून पन्नास वर्षं हलणार नाही, असं दिगंबरने शपथेवर लिहून दिलं होतं. आणि असा दावा चालू असताना अनंतरावांनी त्याच धोकादायक घराच्या वरच्या मजल्यावर अर्ध्या टनाची टाकी आणून ठेवली!

शकूताईंनी तेव्हाच विचारलं होतं, “अहो, कोर्टाला कळलं तर तोंड कुठे लपवणार?” पण लेकीपुढे अनंतरावांचं शहाणपण कधी चाललं नाही. शेफालीला नोकरी लागली कॅनडात. तिचे मासे कोणाच्या दारात टाकायचे? आठवड्यातून तीनदा व्हिडिओ कॉल करायची पोरगी आणि आईबापांच्या आधी माशांना हाक मारायची. मग गोदाबाईंच्या ऑपरेशनसाठी खालची मंडळी दहा दिवस हॉस्पिटलात होती, तेवढ्यात टाकी गुपचूप वर चढली. मोटरची घरघर कोणी विचारलीच तर जुना फ्रिज आहे असं सांगायचं ठरलं होतं. कोणी विचारलं नाही.

आणि आज चार वाजता कोर्ट कमिशनर यायच्या होत्या. कोर्टाने नेमलेल्या वकीलबाई. घर पाहणार, कड्या-भिंती तपासणार आणि अहवाल लिहिणार. टाकीवर सतरंजी टाकायची, वर देव मांडायचे, विचारलं तर कपाट म्हणायचं, अशी योजना होती. अनंतरावांच्या वकिलाने तर बजावूनच ठेवलं होतं, “समोरच्या पार्टीशी एक अक्षर बोलायचं नाही. तुमच्या तोंडून टाकी निघाली की केस गेली म्हणून समजा.”

घड्याळात पावणेदोन झाले होते.

“मी जाते खाली,” शकूताई म्हणाल्या.

“तू थांब.” अनंतरावांनी सदरा चढवला. वरचं बटण लागेना. तसेच निघाले.

जिन्याच्या पायऱ्या सतरा. प्रत्येक पायरीला त्यांनी एक वाक्य जुळवलं आणि पुढच्या पायरीला मोडलं. दारात उभं राहिल्यावर एकही शिल्लक राहिलं नव्हतं. त्यांनी दाराची कडी वाजवली.

दार दिगंबरनेच उघडलं. खांद्यावर पंचा, हात ओला, नुकताच जेवून उठलेला. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, पण पाठीत बाक नाही. त्याने अनंतरावांकडे पाहिलं, मग त्यांच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

“नोटीस कुठाय?”

“गोदावहिनींची कॉट हलवा,” अनंतराव म्हणाले. “आत्ता. ताबडतोब.”

“का?”

पाच वर्षं, दोन वकील, एकशेदहा पानांचा दावा. ते म्हणाले, “वर माझी फिशटँक आहे. मोठी. तिच्याखालची कडी बसतेय.”

दिगंबरच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही.

“चार फूट दहा इंच,” तो म्हणाला. “पाच फुटी म्हणून विकतात, असते चार-दहा. स्टँड तुम्ही टिंबर मार्केटात करून घेतलात. मी चाळीस वर्षं तिथल्या वखारीत लाकूड निवडलंय अनंतराव. मला त्याच दिवशी संध्याकाळी हॉस्पिटलात कळलं.”

“म्हणजे तुम्हाला...”

“आत या. दारात उभे राहून बोललात तर अख्ख्या बोळाला कळेल.”

अनंतराव आत गेले. गोदाबाई कॉटवर उशीला टेकून बसल्या होत्या आणि वरच बघत होत्या. त्यांच्या पांघरुणावर बारीक भुसा पडला होता. अनंतरावांनी मान वर केली. मधली कडी पोटाशी वाकली होती आणि तिच्या अंगावरून एक नवी, पांढुरकी चीर गेली होती. त्या चिरेच्या हातभर अलीकडे, काळ्या पडलेल्या लाकडावर एक चौकोन होता. वितीएवढा, स्वच्छ, न काळवंडलेला. भिंतीवरून जुना फोटो काढल्यावर दिसतो तसा.

त्यांनी खाली पाहिलं. फरशीवरही तसाच चौकोन होता. आणि कॉटखाली, जुन्या गोधडीत गुंडाळलेला, एक जाडजूड सागवानी वासा आडवा पडलेला होता.

“टेकू,” दिगंबर म्हणाला. “तीन वर्षं उभा होता. काल दुपारी काढला.”

“काढला? कशाला काढलात!”

“कमिशनर यायच्यात ना. घर ठणठणीत आहे म्हणून शपथेवर दिलंय मी. ठणठणीत घराला कोणी टेकू लावतं का? म्हटलं, तीन वर्षं थोपवली कडी, दोन दिवस काढेल कळ.” त्याने वर बघितलं. “नाही काढली.”

अनंतरावांना आधी राग आला. मग तो राग कोणावर काढावा हे कळेना. आपण कपाट म्हणून सतरंजी टाकणार होतो आणि या माणसाने आपल्या टाकीखालचा टेकू गोधडीत गुंडाळला होता. दोघांनी मिळून या बाईच्या डोक्यावर अर्धा टन पाणी टांगून ठेवलं होतं, आणि तेही कोर्टाला दाखवायला.

“मला एका शब्दाने सांगायचं होतंत.”

“वकिलामार्फत?”

“तीन वर्षं तुम्ही माझी टाकी...”

“तुमच्या टाकीचं मला काय करायचंय? ही झोपते खाली.” दिगंबरने पंचा कमरेला आवळला. “बोलणं पुरे. ती बाजू धरा.”

कॉट जुनी, शिसवी. गोदाबाईंना उचलून ठेवायला दुसरी जागा नव्हती, म्हणून त्यांच्यासकटच ओढायची होती. शकूताई तोपर्यंत राहवेना म्हणून खाली आल्याच होत्या. त्यांनी एका नजरेत छत पाहिलं, टेकू पाहिला, नवऱ्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता पायथ्याशी वाकल्या.

“सावकाश हो,” गोदाबाई म्हणाल्या. “घराआधी मीच मोडायची.”

“वहिनी, बोलू नका, हसायला येतं,” अनंतराव धापा टाकत म्हणाले.

“पाच वर्षांनी आलात आणि वर गप्प बसायला सांगताय होय?”

कॉट फरशीवरून किंचाळत स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. तिथे कड्या वेगळ्या होत्या, वर शकूताईंचं देवघर होतं, वजन कसलं नाही. गोदाबाईंनी पांघरुणावरचा भुसा झटकला. “एक सांगा शकूताई,” त्या म्हणाल्या. “कुठले मासे आहेत हो? तीन वर्षं नुसतं पाणी ऐकतेय मी. रात्री झोप लागत नाही तेव्हा बरं वाटतं ते.”

शकूताईंना एकदम भरून आलं. “सोनेरी आहेत,” त्या म्हणाल्या. “आणि दोन काळे. दाखवते मी, मोबाइलवर आणून दाखवते.”

“आधी पाणी काढा,” दिगंबर म्हणाला. “भरल्या टाकीखाली टेकू ठोकायचा नाही, कडी फाटेल. अर्धं पाणी तरी उतरायला हवं. बादल्या नकोत, पाइप लावायचा. एक टोक टाकीत, एक सज्ज्यातून खाली, तोंडाने ओढलं की आपोआप येतं. पण तिथे जाणारं माणूस हलकं पाहिजे. आणि टाकी काय बसवलीत, वा! कड्यांना आडवी ठेवायची असते, म्हणजे वजन चार कड्यांवर वाटलं जातं. तुम्ही ठेवलीत एकाच कडीवर उभी. डावं टोक भिंतीशी, उजवं मधोमध. शिकलेली माणसं!”

हलकं माणूस म्हणजे कोण ते सांगावं लागलं नाही. शकूताईंनी पाइपचं भेंडोळं उचललं.

“शकू, नको,” अनंतराव म्हणाले.

“मग कोण? तुम्ही? तुम्ही गेलात तर टाकीच्या आधी तुम्हीच खाली याल.”

“भिंतीच्या कडेकडेने जा वहिनी,” दिगंबर म्हणाला. “मध्ये पाय टाकू नका. आवाज आला तर पाइप सोडायचा आणि मागे फिरायचं.”

त्या वर गेल्या. खाली दोघं पुरुष भिंतीला पाठ लावून माना वर करून उभे राहिले. फळ्यांवरून पावलं सरकताना ऐकू येत होती, आधी दारापाशी, मग भिंतीच्या कडेने. अनंतराव ती मोजत होते. सहाव्या पावलाला कडी करकरली आणि भुशाची बारीक धार खाली आली. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, त्या बाईच्या पावलांचा आवाज त्यांनी कधी इतका जीव लावून ऐकला नव्हता.

पावलं थांबली. मग बाहेर अंगणात फर्रकन पाणी पडायला लागलं.

“लागलं,” दिगंबर म्हणाला.

“शकू, मागे फिर! उंबऱ्यात ये!” अनंतराव छताकडे बघत ओरडले.

“आलेय,” वरून आवाज आला. “ओरडू नका, मासे घाबरतात.”

अर्धं पाणी उतरायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात दोघांनी टेकू गोधडीतून काढला, खाली जाड फळी टाकली, टेकू उभा केला आणि कडीखाली सरकवला. कडी आणि टेकू यांच्यात दोन बोटांची फट उरली. दिगंबरने कोपऱ्यातून दोन लाकडी पाचरी आणल्या, समोरासमोरून फटीत बसवल्या आणि हातोडा अनंतरावांपुढे धरला.

“तुम्ही ठोका. माझा खांदा गेलाय. मागच्या वेळी वखारीतली माणसं आणली होती.”

“कसं ठोकू?”

“हळू. एक डावीकडून, एक उजवीकडून. कडीला उचलायचं नाही, नुसतं धरायचं. तिला कळता कामा नये.”

अनंतराव स्टुलावर चढले. आयुष्य त्यांनी विम्याच्या कचेरीत काढलं होतं, हातात हातोडा कॅलेंडरच्या खिळ्यापुरता. पहिला घाव पाचरीच्या कडेला लागून निसटला. दुसरा बसला. तिसऱ्याला लाकडातून जाड, भरीव आवाज आला आणि दिगंबरने टेकूवर तळवा टेकवून मान हलवली.

“शकू! रेघा बघ! दारातूनच!”

त्यांनी मान वर करून पुन्हा हाक मारली.

“शकू!”

“बघतेय हो! पाणी खाली गेलंय, रेघा वर राहिल्यात. काय बघू?”

“दोन्हीकडचं पाणी रेघांपासून सारखं उतरलंय का?”

“निळ्या रेघांपासून... थांबा.” वरून फळ्यांमधून आवाज येत होता, जणू एकाच खोलीत बोलत होत्या. “जवळजवळ सारखं आहे. डावीकडे थोडं जास्त. पण आता हलत नाहीये!”

अनंतराव स्टुलावरच बसले. सदरा घामाने अंगाला चिकटला होता. दिगंबरने तांब्याभर पाणी आणून त्यांच्या हातात दिलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन व्हायला आले होते.

“अजून वेळ आहे,” तो म्हणाला. त्याचा आवाज आता सपाट होता, कोर्टात असायचा तसा. “टाकी अर्धी झालीय. कॉट सरकवलीय. टेकू काढला तर तासभर कडी काढेल. वर तुम्ही सतरंजी टाका. बाई येतील, बघतील, जातील. मग पुन्हा लावू. तुमचं तुमच्याकडे, माझं माझ्याकडे. दाव्याचं काय ते कोर्ट बघेल.”

अनंतराव पाणी प्यायले. म्हातारा वेडंवाकडं काही बोलत नव्हता. तासाभराचाच प्रश्न होता. पाच वर्षांचा दावा, दोन खोल्या, उद्या शेफाली परत आलीच तर तिच्यासाठी नवं घर बांधायचं, सगळं त्या तासाभरावर होतं. टेकू राहिला तर दिगंबरचं ‘ठणठणीत’ खोटं ठरणार. टेकू का लावला हे सांगितलं तर आपलं ‘धोकादायक’ हास्यास्पद ठरणार. त्यांनी वर पाहिलं. चीर तिथेच होती. तिच्याखाली आता कोणी नव्हतं, पण थोड्या वेळाने ती कमिशनरबाई येऊन बरोब्बर तिथेच उभी राहून मान वर करणार होती.

त्यांनी तांब्या खाली ठेवला, स्टुलावर चढले आणि पाचरीवर आणखी एक घाव घातला.

दिगंबरने गोधडीची घडी घालून ती कपाटात ठेवली.

कमिशनर चारला पाच मिनिटं कमी असताना आल्या. सोनाली नाव, तिशीच्या, खांद्याला लॅपटॉपची बॅग, पायात बूट. दोन्हीकडचे वकील दुसऱ्या कोर्टात अडकले होते आणि ‘चालू द्या’ म्हणून फोनवर सांगून मोकळे झाले होते. बाईंनी अंगणातलं पाणी ओलांडलं, आत आल्या आणि खोलीच्या मधोमध उभ्या असलेल्या टेकूपाशी थांबल्या.

“हे काय आहे?”

“टेकू,” दिगंबर म्हणाला.

“ते दिसतंय. कोणी लावलाय?”

दिगंबरने तोंड उघडलं. आपण लावला म्हणावं तर शपथपत्र खोटं, मालकाला न विचारता केलेलं काम, आणि खोली गेली.

“मी,” अनंतराव म्हणाले.

बाईंनी कागद चाळले. “तुम्ही मालक ना? पण जागा तर यांच्या ताब्यात आहे.”

“यांना सांगून लावला. वर माझी माशांची टाकी आहे, साडेपाचशे किलोची. मी ती चुकीची ठेवली, एका कडीवर. कडी खचली म्हणून टेकू. बाकीच्या कड्यांना काही झालेलं नाही, बघून घ्या.”

“एक मिनिट.” बाईंनी पेन थांबवलं. “तुमच्या दाव्यात तर घर राहण्यालायक नाही असं म्हटलंय.”

“म्हटलंय.”

“आणि तुम्ही वर साडेपाचशे किलो ठेवलेत. हे मी लिहिलं तर तुमच्या विरुद्ध जाईल, कळतंय ना तुम्हाला?”

“कळतंय. लिहा.”

त्यांनी लिहिलं. बराच वेळ लिहिलं. मग टेकूचे, कडीचे, चिरेचे फोटो काढले आणि वर टाकी बघायला शकूताईंबरोबर जिना चढून गेल्या. खोलीत दोघंच उरले, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी गोदाबाई, त्या डोळे मिटून पडल्या होत्या पण जाग्या होत्या.

अनंतरावांना आता फार दमल्यासारखं वाटत होतं. वकिलाला काय सांगायचं, शेफालीला काय सांगायचं, काही सुचत नव्हतं. ते चपला शोधायला लागले.

“‘टेकू मी लावला’ असं तुम्ही म्हणालात,” दिगंबर मागून म्हणाला.

“म्हणालो.”

“कोर्टाच्या माणसासमोर म्हणालात. लेखी झालं ते.”

“हो, झालं.”

“मग नीट ऐकून ठेवा.” दिगंबरने पंचा झटकला आणि खांद्यावर टाकला. “होळी झाली की लाकूड आकसतं. पाचर सैल पडते. दरवर्षी येऊन ठोकावी लागते. तुमचा टेकू, तुम्ही यायचं. मी बोलवायला वर येणार नाही.”